मिठाच्या अक्षयतेचा नियम

हृदयाला मानवणाऱ्या स्वयंपाकाची मांडणी करताना प्रथम ‘पथ्य’ या शब्दाचा अर्थ निश्चित करणे आवश्यक ठरते, कारण मराठी घरात पथ्य म्हणजे मऊ भात आणि मेतकूट यांवर आधारलेली व ताप उतरताच संपणारी तात्पुरती व्यवस्था होय; ती जन्मभर चालवायची असते, हे हृदयरोगतज्ज्ञाचे विधान सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थाला वैद्यकीयच नव्हे, तर व्याकरणाच्या दृष्टीनेही सदोष वाटते. दिल्लीच्या पहाडगंज आणि करोलबागेत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी कुटुंबे असोत, की मुलांच्या नोकरीमागोमाग नोएडा-गुरुग्रामच्या चौदाव्या मजल्यावर आलेले निवृत्त आईवडील असोत, या घरांत पथ्याचा स्वीकार एकमताने होतो आणि त्याची अंमलबजावणी एक नैसर्गिक नियम हाणून पाडतो. त्यास मिठाच्या अक्षयतेचा नियम म्हणता येईल: भाजीतून काढलेले मीठ नष्ट होत नाही, ते केवळ ताटातील आपली जागा बदलते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाकाठी 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभराहूनही कमी मीठ खावे. कारण मिठातील सोडियम शरीरात पाणी धरून ठेवते, रक्तदाब वाढवते आणि हृदयावरील भार वाढतो. सूनबाई हा चमचा प्रामाणिकपणे मोजते. परंतु हजरत निजामुद्दीनला पोहोचणाऱ्या गोवा एक्सप्रेसने पुण्याहून कैरीच्या लोणच्याची बरणी आणि पोह्याचे पापड आणलेले असतात, आणि लोणचे हे ‘तोंडी लावणे’ असल्यामुळे ते आहारात मोजण्याची प्रथा नाही. पापडात तर मिठाच्या जोडीला पापडखार असतो, आणि तोही सोडियमचाच क्षार आहे. वयोमानानुसार चवीची आणि वासाची जाणीव मंदावते, त्यामुळे कालचीच आमटी आज अळणी लागू शकते. या शास्त्रीय तथ्याचा कौटुंबिक अनुवाद ‘हिच्या हाताला चव नाही’ असा केला जातो.

उत्तर भारताने या नियमाला सैंधवाची जोड दिली. दिल्लीत उपवासाला ‘सेंधा नमक’ चालते आणि जे उपवासाला चालते ते प्रकृतीला बाधत नाही, असा तर्क साबुदाण्याच्या खिचडीबरोबर सहज गिळला जातो. वस्तुतः सैंधवही मुख्यत्वे सोडियम क्लोराइडच असते, आणि त्याच्या पावित्र्याची दखल रक्तदाब मोजणारे यंत्र घेत नाही. ज्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेले असते ते ‘लो सोडियम’ मीठ मूत्रपिंडाच्या रुग्णाला घातक ठरू शकते, म्हणून ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नये. खरा उपाय मराठी फडताळातच पडून असतो. आमसूल, लिंबू, ओले खोबरे, हिंग-जिऱ्याची चमचाभर तेलातील फोडणी आणि वरून पेरलेली कोथिंबीर यांमुळे जिभेला मिठाची उणीव कमी जाणवते; मात्र हा उपाय आजीला पूर्वीपासून ठाऊक असल्यामुळे तो आहारतज्ज्ञाच्या तोंडून आल्यास तिला त्याचे पैसे देणे जिवावर येते.

तेलाच्या प्रश्नात चवीपेक्षा अस्मिता अधिक आहे. शेंगदाण्याच्या तेलावर वाढलेल्या नाकाला मोहरीचे तेल, म्हणजे शेजारणीचे ‘सरसों का तेल’, धुरावल्याशिवाय सहन होत नाही. त्यात 1998 साली दिल्लीत पिवळ्या धोत्र्याच्या तेलाची भेसळ झालेल्या मोहरीच्या तेलामुळे पाय सुजणे आणि हृदय निकामी होणे अशा लक्षणांची साथ येऊन अनेकांचा बळी गेला, ही आठवण संशयाला पुरेशी ठरते. एरवी मोहरीचे तेल हृदयाचे शत्रू नव्हे, आणि शेंगदाण्याचेही नव्हे. शत्रू आहे ती पळी. याच पळीचा मोठा अवतार म्हणजे उद्यानातील प्रभातफेरीनंतर, चालून झिजवलेले सर्व काही परत मिळवून देणारी छोले-भटुऱ्यांची कढई.

सर्वांत गहन प्रकरण दुधाचे आहे. म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि स्निग्धांशरहित दुधाची भुकटी मिसळून तयार होणारे ‘टोन्ड’ दूध हे 1940 च्या दशकात मुंबईत दारा खुरोडी यांनी रूढ केले. त्यात 3 टक्के स्निग्धांश असतो, ‘डबल टोन्ड’मध्ये 1.5 टक्के, तर ‘फुल क्रीम’मध्ये 6 टक्के. मदर डेअरीच्या बूथवर मिळणारे ‘टोकनवाले’ दूध टोन्ड तर असतेच, शिवाय त्यातील स्निग्ध कण फोडून एकजीव केलेले असल्यामुळे त्यावर सायीचा जाड थर धरत नाही. हृदयाच्या दृष्टीने हे ज्येष्ठांना सोयीचे, पण संस्कृतीच्या दृष्टीने हे संकट आहे. कारण साय नाही तर विरजण नाही, विरजण नाही तर लोणी नाही, आणि लोणी कढवल्याचा वास ज्या घरात आठवड्यातून एकदा येत नाही ते घर आजीच्या लेखी भाड्याचे असते. म्हणून तिच्या गुडघ्यांतील कॅल्शियमच्या नावाने अर्धा लिटर फुल क्रीम स्वतंत्र येते आणि शीतकपाटातील एका झाकलेल्या पातेल्यात साय साठत राहते.

तयार झालेल्या साजूक तुपात निम्म्याहून अधिक संपृक्त मेद, म्हणजे रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवणारा मेद असतो, हे वाचून दाखवल्यावर वरणभातावर एकच चमचा तूप घेण्याचा तह होतो आणि तो आश्चर्यकारक निष्ठेने पाळलाही जातो. मात्र तूप गाळल्यावर पातेल्याच्या तळाशी तपकिरी, खमंग बेरी उरते. ती ना दूध, ना लोणी, ना तूप. आहारतज्ज्ञाच्या छापील तक्त्यात तिच्यासाठी रकानाच नसतो. त्यामुळे ती साखर घालून, ओट्याशी उभ्यानेच, सूनबाई दुसऱ्या खोलीत असताना, आजोबा आणि आजी एकाच चमच्याने संपवतात.