बैल मुतल्यासारखी रेघ

पाटीवर मी सरळ रेघ ओढली की मास्तर म्हणायचे, "अरे, बैल मुतला का रे इथं?" फार उशिरा कळलं, की संस्कृतात याला गोमूत्रिका म्हणतात आणि चित्रकाव्यातल्या एका बंधाचं तेच नाव आहे. चालता बैल धार सोडतो ती जशी डावी-उजवीकडे हेलकावते, तशी अक्षरांची मांडणी. म्हणजे मी तेव्हाच कवी होतो!

वाशिमहून अकोल्याला जाताना हीच रेघ जमिनीवर भेटते. वाशिम पठारावर, अकोला पूर्णेच्या खोऱ्यात. उंचीत सुमारे २५० मीटरचा फरक. तो मेडशी सोडल्यावर पातूरच्या घाटात थेट पोटाला कळतो. आमची आजी मालेगावपासूनच लिंबू हुंगायला घ्यायची. एकदा तिनं विचारलंच, "कंडक्टर भाऊ, सडक सरळ काऊन नाई नेली बापा?"

"सरळ नेली असती तं एश्टी लागलीच नसती, आजी. वरून ढकललं का पातूर!"

घाटात साधारण २० मीटर पुढे गेल्यावर रस्ता १ मीटर चढावा, असा इंजिनिअरांचा हिशेब. म्हणजे २५० मीटर चढायला ५ किलोमीटर हवेत. डोंगर एवढी लांबी नाकासमोर देत नाही, मग रस्ता ती आडवीतिडवी वसूल करतो. लादलेला बैलही उभा चढ तिरपाच चढतो. हे त्याला कुणी पाटीवर शिकवलेलं नसतं.

घाटाला कंटाळून आजीनं एकदा रेल्वे धरली. तेव्हा वाशिमवरून मीटरगेज होती (आमच्याकडे ब्रॉडगेज आली २००८ साली), तीच पुढे अकोल्याहून खंडव्याला जायची. मेळघाटात धुळघाटला चढ असा, की रुळांनी डोंगराला वेढा घालून स्वतःलाच वरून ओलांडलेलं. आजोबांनी कौतुकानं खिडकीतून बोट दाखवलं, "ते पाय खाली, आपण तिथून आलो."

आजी म्हणाली, "मंग, काई इसरलं होतं का?"

२०१७ साली तो वेढाही बंद पडला. त्याआधीच आजी गेली होती.

मास्तर आहेत, ऐंशीच्या घरात. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा सुरू झाला, आपल्या मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा तालुक्यांतून जाणारा. मास्तरांना मी मुद्दाम त्यावरून नागपूरला नेलं. फूटपट्टीनं ओढल्यासारखा रस्ता. "बघा सर, रेघ!" मी म्हणालो.

उत्तर नाही. वळून पाहिलं, तर मास्तर घोरत होते आणि मान डावी-उजवीकडे, डावी-उजवीकडे हेलकावत होती.