तीस सप्टेंबरचा सण

मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या हायस्कुलाला अजून प्रशालाच म्हणतात. बीड जिल्ह्यातल्या अशा एखाद्या प्रशालेत १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी हे सण उत्साहात पार पडतात. ३० सप्टेंबर मात्र श्वास रोखून पाळला जातो. त्या तारखेच्या पटावर संचमान्यता, म्हणजे शिक्षकपदांची मंजुरी, होते आणि गणिताचे गुरुजी गावात राहणार की ‘अतिरिक्त’ ठरून पांगणार, ते तिथेच ठरते. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयापासून तर २० हा आकडा हेडमास्तरांच्या स्वप्नात येतो. पट त्याखाली गेला की सहावी ते आठवीची शिक्षकपदे धोक्यात.

पट म्हणजे बाकावर बसलेली पोरे, ही समजूत खेडवळ झाली. पोरगे आधारवैध असावे लागते. आता जुन्या गुरुजींनी अख्ख्या गावाला १ जूनला जन्माला घातले. शाळाप्रवेशाचा हिशेब त्यात सोपा जाई. आधारच्या यंत्राला नुसते साल सांगितले की ते १ जानेवारी धरते. त्यामुळे सातवीतला एखादा गडी वर्गात दंगा करतो, दोन वेळा खिचडी मागून घेतो, पण दोन जन्मतारखांच्या मधल्या पाच महिन्यांत अडकल्यामुळे पोर्टलवर उगवतच नाही. त्याला उगवण्यासाठी तालुक्याला पाठवावे लागते. म्हणजे हजर ठरण्यासाठी आधी एक दिवस गैरहजर.

शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ ने गुरुजींना जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामे ठेवली आहेत. माहिती भरणे त्यात नाही. पण ते काम कुठे आहे, ती तर ‘अतितात्काळ’ माहिती असते. अकरा चाळीसला मोबाइलवर निरोप पडतो, माहिती बारापर्यंत हवी. रेंज पाण्याच्या टाकीवर येते. गुरुजी टाकीवर, वर्ग मॉनिटरवर. (हा मॉनिटर म्हणजे पुढच्या बाकावरची मुलगी. डिजिटल वर्गाचा मॉनिटर वीजबिल थकल्यापासून कपाटात आहे.)

गणवेशाची गोष्टही याच जातकुळीची. २०२४ मध्ये ‘एक राज्य एक गणवेश’ आला. कापड एकीकडून, शिलाई बचत गटांकडून. कुठे तो उशिरा पोचला, कुठे अंगात शिरेना. डिसेंबरात खरेदीचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे गेला. पोरे तोवर जुन्याच सदऱ्यांत वाढत होती.

सप्टेंबर सरतो, पट जुळतो, गुरुजी टाकीवरून उतरतात. मग दसरा जातो आणि गावात ऊसतोडीचा मुकादम येतो. त्याचीही एक संचमान्यता असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी तिची मोजणी. उचल दिलेला एकही कोयता त्याच्या वहीत चुकत नाही. टाकीवर चढावे लागत नाही, पासवर्ड लागत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, कोंबड्या, बाजली आणि बाजल्यांवर आठवीचा निम्मा वर्ग बसून कारखान्याच्या वाटेला लागतो. हंगामी वसतिगृहाची योजना असल्याने काही पोरे आजीजवळ राहतात. दहावीची एखादी पोर राहिली, तर धाकट्या दोघांना सांभाळायला राहते, आणि जमल्यास अभ्यासाला.

दिवाळीनंतर वर्गात हजेरी सुरू होते. गुरुजी नाव घेतात, मागच्या बाकावरून कोणीतरी सांगते, “गेलाय, सर.” पुढचे नाव. “गेलीय, सर.” पोर्टलवर मात्र दोघेही वैध आहेत.