लोगोत दम पाहिजे

यवतमाळात धंदा सुरू करायला आता गाळा लागत नाही, भांडवल लागत नाही, गिऱ्हाईक तर मुळीच लागत नाही. लोगो लागतो. गाळ्याची बोलणी अर्धवट, बँकेचं कर्ज ‘साहेब रजेवर हायेत’ या टप्प्यावर, बियाणं-औषधांचा परवाना फायलीत. पण लोगोसाठी मात्र अख्खं घर फ्लेक्सवाल्याच्या दुकानात उभं. तिथं खुर्ची एकच, आणि तिच्यावर कोरल ड्रॉ चालवणारा पोरगा. त्याच्या पाठीमागे आई, वडील, धाकटा भाऊ, पुण्याचे भाऊजी आणि बुलेटवर सोडायला आलेला एक मित्र. मित्राचा या धंद्याशी काही संबंध नाही, म्हणून त्याचं मत सगळ्यात ठाम असतं. ते मत एकच: ‘लोगोत दम पाह्यजे.’

आमच्या भाच्याचं कृषी केंद्र अशा रीतीनं जन्माला आलं. मामा म्हणून मीही त्या खुर्चीमागे उभा होतो.

पहिला मान देवाचा. जावयांना, म्हणजे भाच्याच्या वडिलांना, कळंबचा चिंतामणी हवा होता. देवाला नाही कोण म्हणणार? पण लोगो बिलावर आणि थैलीवर छापला जातो, बिलात भजी बांधली जातात आणि थैली धुऱ्यावर फेकली जाते, हे आईनं लक्षात आणून दिलं. शिवाय देवाधर्माच्या नावावर मालकी सांगणंही सोपं नाही. अगरबत्तीसाठी ‘रामायण’ हे नाव कुणा एकाला आपलं म्हणून नोंदवता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्येच सांगून ठेवलं आहे. मग मित्रानं महापुरुषांचा विषय काढला. दारूच्या दुकानांना महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावं द्यायला राज्य सरकारनं २०२२ साली बंदी केली. कीटकनाशकाच्या दुकानाला ती बंदी नाही, हे कळल्यावर मित्राचा चेहरा खुलला. आईनं तो एका नजरेत मिटवला.

दुसरा नंबर वाघाचा. धाकट्याचं म्हणणं, आपल्या जिल्ह्यात टिपेश्वर आहे, वाघ आपला हक्काचा. डिझायनरनं इंटरनेटवरून डरकाळी फोडणारा एक वाघ उतरवला. तोच वाघ याआधी एका जिमच्या, एका मंडळाच्या आणि एका बिर्याणीच्या फ्लेक्सवर गेला होता. पण गिऱ्हाईक यायचं राळेगाव-पांढरकवड्याकडून. अवनी वाघीण नोव्हेंबर २०१८ मध्ये मारली गेली, त्याआधी दोन वर्षं तिकडच्या माणसाला एकट्यानं वावरात जायची भीती होती. त्यानं थैली उघडायला घ्यावी आणि वर वाघ! मी हे बोललो तर मित्र म्हणाला, ‘मामा, यालेच तर दम म्हंतेत.’

मग पुण्याच्या भाऊजींनी मोबाइल काढला. तीन तिरप्या रेघा आणि एक ठिपका.

‘हे कायचं हाय?’ जावई.

‘ग्रोथ आहे, बाबा. मिनिमल.’

‘मिनिमल म्हंजे कमी पैशाचं काय?’

भाऊजींनी मग नायकेची गोष्ट सांगितली. जगातली ती सर्वात ओळखीची बाकदार रेघ १९७१ साली कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीनं काढली, ३५ डॉलरात. जावयांनी हिशेब केला: आजच्या भावानं तीन हजारांच्या घरात. एका रेघेचे तीन हजार! हा पोरगा पाचशे रुपयांत गणपती, वाघ, ट्रॅक्टर आणि मागे उगवता सूर्य देतो आहे, वर दोन व्हिजिटिंग कार्डं फुकट. भाऊजींनी मोबाइल खिशात ठेवला. त्या रेघेमागे पुढे अब्जावधी डॉलरची जाहिरात उभी राहिली, तेव्हा कुठं ती रेघ बोलायला लागली, हे मात्र भाऊजींनी सांगितलं नाही. आर्णी रोडवरच्या दुकानाच्या तीन रेघा आणि ठिपका लोकांना ओळखायला लावायचे तर भाच्याला आधी एखादा ऑलिम्पिक भरवावा लागला असता.

खरं तर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टिकाऊ प्रकार म्हणजे नुसतं नाव, नीट अक्षरात. आपल्या लिपीला तर शिरोरेषेचा आयता आधार आहे; एका ओळीत शब्द बांधला जातो. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावं अशी लिहिली की अक्षरावरून नाटकाचा स्वभाव कळावा. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे ‘मुक्ता’, ‘बालू’, ‘मोदक’ हे देवनागरी फाँट तर फुकट मिळतात. पण आमच्या डिझायनरकडे एकच फाँट. लग्नाला तोच, तेराव्याला तोच, ‘दहावीत घवघवीत यश’ला तोच. मी व्हॉट्सॲपवर नाव टाइप करून दिलं, ते त्यानं त्याच्या जुन्या कोरलमध्ये चिकटवलं, तर ऱ्हस्व वेलांट्या उठून अक्षरांच्या उजवीकडे जाऊन बसल्या. ‘काका, बोर्डावर चालते,’ तो म्हणाला.

नावाचीही एक तऱ्हाच. दुकानांच्या पाट्या मराठीत, देवनागरीत, आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरात हव्यात, असा कायदा २०२२ मध्ये राज्यानं केला. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२३ मध्ये व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. आपल्या जिल्ह्यानं तो अक्षरशः पाळला. सोळाही तालुक्यांत फिरून या, पाटी देवनागरीतच दिसेल: ‘द न्यू ग्रीन गोल्ड ॲग्रो वर्ल्ड’.

चित्र की अक्षर या वादात मला निवडणूक आयोगाचं म्हणणं पटतं. चित्र असं हवं की ज्याला वाचता येत नाही त्यालाही ते तोंडी सांगता यावं आणि ऐकणाऱ्याला ओळखता यावं. सायकल, कंदील. आणि शेजाऱ्याच्या चित्रासारखं ते दिसू नये, नाहीतर काय होतं ते २०२४ साली महाराष्ट्रानं पाहिलं. एका पक्षाला ‘तुतारी वाजवणारा माणूस’, दुसरीकडे अपक्षांना नुसती पिपाणी. साताऱ्यात तुतारीवाले उमेदवार ३२,७७१ मतांनी हरले, आणि पिपाणीवाल्या अपक्षाला ३७,०६२ मतं पडली. लोगोच्या गोंधळाचा इतका महागडा प्रयोग कुठल्याही डिझाइनच्या कॉलेजाला परवडला नसता. आपल्याकडे यवतमाळ-वाशीममध्येही दोन शिवसेना समोरासमोर होत्या, पण एकीकडे मशाल, दुसरीकडे धनुष्यबाण. मतदार निदान चित्रात तरी घोटाळला नाही.

हे मी घरच्यांना सांगितलं, तर भाच्यानं विचारलं, ‘मंग आपला लोगो कोनी चोरला तं?’ म्हटलं, नोंदणी कर. छोट्या धंद्याला ऑनलाइन साडेचार हजार रुपये, एका वर्गाचे. एकदा नोंदला की दहा वर्षं. वर्ग एकूण ४५. खत पहिल्या वर्गात, कीटकनाशक पाचव्यात, बियाणं एकतिसाव्यात, आणि ते सगळं विकणारं दुकान पस्तिसाव्यात. चार वर्ग म्हणजे अठरा हजार, हे जावयांनी तोंडी काढलं आणि जाहीर केलं की चोरानं खुशाल चोरावा, तेवढीच जाहिरात.

शेवटी तह झाला. मधे चिंतामणी (छोटा), डावीकडे वाघ (हसरा), उजवीकडे कापसाचं बोंड, खाली ट्रॅक्टर, मागे सूर्य, सूर्यात भाऊजींच्या तीन रेघा आणि भोवती गोल वेटोळ्यात नाव. मित्र म्हणाला, ‘आता आला दम.’ दहा बाय चारच्या फ्लेक्सवर तो खरोखर भरगच्च दिसला, म्हणजे जेवढा दिसला तेवढा; कारण उद्घाटनाच्या फ्लेक्सवर दोन्ही बाजूंनी शुभेच्छुकांची गोल गोल तोंडं होती आणि लोगो विजेच्या डांबामागे गेला होता. व्हॉट्सॲपच्या डीपीत वाघ अर्धा कापला गेला. रबरी शिक्का करून आणला, तर बिलावर नुसता काळा गोळा उमटला. पहिल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्यानं तो निरखून विचारलं, ‘बाप्पा, शाई सांडली काय?’

गिऱ्हाईक दुकानाला ‘लिंबाखालचं दुकान’ म्हणतं. समोर कडुलिंब आहे, तो कुणी डिझाइन केलेला नाही.

आता थोडं त्या चिन्हाबद्दल, ज्याला या जिल्ह्यात खरोखर दम असायला हवा होता. औषधाच्या प्रत्येक बाटलीवर एक चौकोन असतो, कोपऱ्यावर उभा केलेला. वरच्या अर्ध्यात इशारा, खालच्या अर्ध्यात रंग. लाल म्हणजे अतितीव्र विष, मग पिवळा, निळा आणि सर्वात खाली हिरवा. कायद्यानं त्याला लेबलाचा किमान सोळावा भाग द्यावा लागतो. उरलेल्या पंधरा भागांत कंपनीचं नाव, टवटवीत पऱ्हाटी आणि हसरा शेतकरी. बाकी वापराच्या सूचना इतक्या बारीक की वाचायला भिंग लागावं. २०१७ च्या हंगामात या जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. त्यातले कितीतरी मजूर होते. बाटली मालकानं आणली, पंप मजुराच्या पाठीवर, आणि तो चौकोन काय सांगतो हे त्याला कुणी तोंडी सांगितलं नव्हतं. चौकशी समिती बसली, मोहिमा झाल्या, त्यांचे फ्लेक्स लागले. फ्लेक्सवर फोटो होते.

हे भाच्याला सांगावं म्हणून परवा दुकानात गेलो. तो स्टिकर लावत बसला होता. नव्या लोगोचे गोल स्टिकर, हजाराचा गठ्ठा, कारण हजाराच्या खाली प्रेसवाला छापत नाही. शंभर मिलीच्या बाटलीवर ते लावायला जागा कुठं? कंपनीचं नाव झाकलं तर कंपनीचा माणूस ओरडतो, किंमत झाकली तर गिऱ्हाईक ओरडतं. भाच्यानं बाटली फिरवली, एक कोपरा सापडला. स्टिकर बरोब्बर बसला.

‘पाह्य ना मामा,’ तो म्हणाला, ‘कसा उठून दिसते. खालचा लाल रंग फुकटात भेटला.’