पाठीतली सुई : नवख्या बाळंतिणींसाठी काशीदहून

सगळ्यात आधी नाव पाठ करून घ्या. एपिड्युरल. कळांचं दुखणं कमी करायला पाठीत देतात ती सुई. घरात हे नाव कोणी उच्चारणार नाही. आईच्या तोंडी ती 'ती सुई', वहिनीच्या तोंडी 'ते पेनलेस' आणि आत्याच्या तोंडी 'मणक्यातलं भोक'. तिघी एकाच वस्तूबद्दल बोलताहेत हे कळायला मला सातवा महिना उजाडला.

त्यात शेजारची काकू येते आणि म्हणते, मला दिली होती की ती, अर्ध्या तासात पोरगा बाहेर. तिला दिलेली ती नव्हे. सिझरला सहसा देतात ती स्पायनल. बारीक सुईने मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात एकदाच औषध सोडायचं, दोन-चार मिनिटांत कमरेखालचा भाग गार, दोन-तीन तासांनी परत जागा. एपिड्युरलमध्ये त्या पाण्याच्या पिशवीच्या बाहेरच थांबायचं, तिथे एक नळी ठेवून द्यायची आणि तिच्यातून थोडं थोडं औषध देत राहायचं. हिला लागू पडायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, पण बाळंतपण चालेल तितका वेळ ती चालते. एवढं काकूला समजावू नका. मी समजावलं होतं. त्यावर ती म्हणाली, तेच तर म्हणतेय मी.

साहित्य : एक गरोदर बाई, एक भूलतज्ज्ञ. बाकीचं दवाखान्यात असतं.

यातली पहिली वस्तू काशीदला मिळते. दुसरी मिळत नाही. आमच्या किनाऱ्यावर शनिवारी घोडा मिळतो, उंट मिळतो, केळ्याच्या आकाराच्या रबरी होडीवरून समुद्रात पडायची सोय होते, आणि सुरूच्या बनाकडेच्या खानावळीत रात्री अकरालाही सुरमई तळून मिळते. भूलतज्ज्ञ मात्र अलिबागला. म्हणजे तीसेक किलोमीटर : बोर्ली, कोर्लई, साळावचा पूल, रेवदंडा, चौल, नागाव. सुट्टीच्या दिवशी याच रस्त्याने अर्धी मुंबई समोरून येत असते. आणि पावसाळ्यात तारीख असेल तर एवढं लक्षात असू द्या, की 2021 च्या जुलैत काशीदजवळचा जुना पूल एका रात्रीच्या पावसात कोसळला होता आणि त्यात एकाचा जीव गेला. कळा सुरू झाल्यावर निघू, हा बेत इकडच्या बाईने करायचा नसतो. तारखेच्या दहा दिवस आधी अलिबागला जाऊन राहायचं. मामा, मावशी, नवऱ्याचा चुलतभाऊ, कोणीतरी तिथे असतंच. नसेल तर शोधलं की सापडतं.

अलिबागला पोचलात म्हणजे झालं, असंही नाही. मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात प्रसूतिकक्षासाठी भूलतज्ज्ञ चोवीस तास हजर असू शकतो. छोट्या गावात एकच माणूस तीन-चार दवाखान्यांत पळत असतो. सकाळी इथे सिझर, दुपारी तिथे हर्निया, रात्री कोणाचा तरी मोडलेला पाय. एपिड्युरल म्हणजे सुई टोचली आणि गाडीला किक मारली असं नसतं. नळी बसवल्यावर बाईचा रक्तदाब, बाळाचे ठोके, औषधाचा पुढचा हप्ता, सगळ्यावर जाणत्या माणसाची नजर लागते. म्हणून सातव्या महिन्यातच दवाखान्यात एक प्रश्न विचारून ठेवा : रात्री दोन वाजता मिळेल का? 'हो' म्हणाले तर हो. 'बघू' म्हणाले तर नाही. 'अहो, एवढं काही दुखत नाही हो' म्हणाले तर दवाखाना बदला.

रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, प्लेटलेट्स फार कमी असतील किंवा पाठीवर टोचायच्या जागी गळू वगैरे असेल, तर ही सुई देत नाहीत. हे आधी सांगा, कळा देता देता आठवायला जाऊ नका.

आता आत्या. हे प्रकरण सुईपेक्षा मोठं आहे.

आत्याची चार बाळंतपणं घरी झाली, सुईणीच्या हातून, कंदिलाच्या उजेडात. तिचं म्हणणं असं, की कळा दिल्या नाहीत तर आईपण अंगाला लागत नाही. हे तिचं एकटीचं मत आहे असं समजू नका. एडिंबरोच्या डॉक्टर सिम्प्सनने 1847 मध्ये बाळंतिणींना क्लोरोफॉर्म द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्याच्यासमोर बायबल उघडून धरलं होतं : बाईने वेदनेतच प्रसवावं असं लिहिलंय की नाही? पुढे 1853 मध्ये व्हिक्टोरिया राणीने आठव्या बाळंतपणात जॉन स्नो या डॉक्टरकडून रुमालावर क्लोरोफॉर्म हुंगून घेतला, तेव्हा कुठे कुरकुर कमी झाली. आमच्याकडे बायबल नव्हतं, पण आत्या होती. आणि राणीचा दाखला तिच्यापुढे चालला नाही. 'तिला काय, नऊ झाली तिला.'

मग मी आनंदीबाईंचं नाव काढलं. त्यांचे यजमान गोपाळराव जोशी अलिबागला पोस्टात नोकरीला होते, त्या बिऱ्हाडात आनंदीबाई राहिलेल्या. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. त्याच मुलीने 1886 मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टरकीच्या पदवीसाठी प्रबंध लिहिला, तोही प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. आत्या जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, 'पोर गेलं गो तिचं.' आणि विषय तिथेच मिटला. माझ्या बाजूने की तिच्या, ते मला अजून कळलेलं नाही.

कृती.

मे महिना, शुक्रवारची रात्र. कळा सुरू झाल्या तेव्हा मी अलिबागला मामाकडे होते. दवाखान्यात तपासून सिस्टर म्हणाल्या, दोन बोटं. म्हणजे गर्भपिशवीचं तोंड साधारण तीन-चार सेंटीमीटर उघडलंय. पूर्ण दहा व्हावं लागतं. पूर्वी म्हणत, चार होईतो सुई द्यायची नाही. आता तशी अट धरत नाहीत, बाईला हवी असेल आणि दुसरी काही अडचण नसेल तर देतात. भूलतज्ज्ञ पेणला एका केसमध्ये होते. इथे नवशिकीने करायचं काम : वाट पाहणे. मी दोन तास पाहिली. त्या दोन तासांत मी काय काय बोलले ते मामी अजून लोकांना सांगते.

डॉक्टर आले की पलंगाच्या कडेला बसवतात आणि म्हणतात, मांजरासारखी पाठ बाहेर काढा. मला मांजर जमेना. पोटात नऊ महिन्यांचं बाळ असताना कोणतं मांजर? मग मला कोळंबी आठवली. हनुवटी छातीला, खांदे सैल, पोटाशी उशी, पाठीची कमान. सोललेली कोळंबी. लगेच जमलं. किनारपट्टीच्या बायकांनी मांजराच्या नादाला लागू नये.

मग पाठीवर थंडगार औषध फासतात. ते घळघळत कमरेखाली ओघळतं आणि मेच्या उकाड्यात तेवढाच गारवा. आधी कातडी बधिर करायची छोटी सुई. ती मुंगी चावल्यासारखी, असं सांगतात. मुंगळा म्हणा. यानंतर मोठी सुई, पण आता तिथे दुखत नाही, नुसतं कोणीतरी अंगठ्याने दाबतंय असं वाटतं. याच वेळी कळ येते. येतेच. डॉक्टर म्हणतात, अजिबात हलू नका. मी सिस्टरच्या खांद्यात तोंड खुपसून बसले होते आणि त्यांच्या गणवेशाचं एक बटण माझ्या गालावर उमटलं होतं. कळ येतेय असं वाटलं की डॉक्टरांना सांगा, ते थांबतात. सांगायला लाजू नका, इथे घाई कोणालाच परवडत नाही.

पाठीमागे काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून सांगते. काशीदच्या पोरांना शहाळ्यात स्ट्रॉ खुपसताना पाहिलंय ना? टोक दाबत न्यायचं, दाबत न्यायचं, आणि एका क्षणी आतून विरोध संपतो, हात एकदम हलका होतो. भूलतज्ज्ञ तेच शोधत असतो. सुईला खारं पाणी भरलेली पिचकारी लावलेली असते, अंगठा तिच्या दट्ट्यावर. सुई अस्थिबंधनात असेपर्यंत दट्ट्या हटत नाही. ते ओलांडलं की दट्ट्या आपसूक आत जातो, आणि तिथेच थांबायचं. पुढे मिलिमीटरांवर ती पाण्याची पिशवी. सुईचं टोक थोडं वळवलेलं असतं, त्या वळणाने नळी वर सरकते. नळी म्हणजे जाडसर तंगूस, सुरमईच्या गळाला लावतात तेवढा. ती आत जाताना एका पायात झटका आल्यासारखं होऊ शकतं. ओरडा, पण उडी मारू नका. मग सुई बाहेर, तंगूस आत, आणि पाठीवरून खांद्यापर्यंत चिकटपट्टी. मणक्यात सुई राहून जाते, ही जी गावभर समजूत आहे, तिच्यासाठी हे वाक्य पुन्हा लिहिते : सुई बाहेर, तंगूस आत.

पहिला छोटा डोस चाचणीचा. कानात गुणगुण होतेय का, छाती धडधडतेय का, पाय एकदम जड झाले का, असं विचारतात. मग खरं औषध. पुढची कळ तेवढीच मोठी येते आणि तुम्हाला फसवल्यासारखं वाटतं. तिच्या पुढची जरा बोथट. तिच्या पुढच्या कळेला मी यंत्राच्या कागदावरच्या रेघेकडे पाहत होते, रेघ डोंगरासारखी वर चढली, उतरली, आणि मी मामीला विचारलं, आता आली होती का? पोटावरच्या यंत्रातून बाळाचे ठोके येत होते, मिनिटाला एकशे चाळीसच्या आसपास. पहाटे खाडीत शिरणाऱ्या होडीच्या इंजिनासारखे.

सगळं सुरळीत होतं असं मात्र समजू नका. माझी डावी बाजू शांत झाली आणि उजव्या जांघेत पाच रुपयांच्या नाण्याएवढी जागा जागीच राहिली. सगळी कळ त्या नाण्यात गोळा होऊन येई. असं पुष्कळदा होतं. उजव्या कुशीवर वळवतात, थोडं औषध वाढवतात, कधी नळी किंचित मागे ओढतात, अगदीच नाही जमलं तर पुन्हा बसवतात. डॉक्टर स्पिरिटचा बोळा अंगावरून फिरवत विचारत राहतात, थंड लागतंय? इथे? आणि इथे? रक्तदाब उतरतो, मळमळतं, म्हणून दंडाला पट्टा आणि हाताला सलाईन. अंगात हुडहुडी भरते, दात वाजतात, ताप नसताना. आणि नाक खाजतं, औषधातल्या फेंटानिलमुळे. नाक खाजणं मला कोणीच सांगितलं नव्हतं, म्हणून मी तुम्हाला सांगतेय. पाय आपलेच असतात, पण तासभर उकिडवं बसून मासळी साफ केल्यावर होतात तसे. लघवीचं कळत नाही, नळीने काढतात.

नंतर मी झोपले. दीड तास. आत्याला अजून याचाच राग आहे. 'बाळंतीण घोरत होती गो!'

तोंड पूर्ण उघडल्यावर जोर लावायची वेळ. दुखत नाही, पण खाली जड वाटतं. खरं सांगायचं तर संडासला लागल्यासारखं. ते वाटत असेल तर उत्तम, त्याच दिशेने जोर. वाटत नसेल तर सिस्टर पोटावर हात ठेवून सांगतात, आली, लाव. या सुईने हा शेवटचा टप्पा थोडा लांबू शकतो. पूर्वीच्या जड डोसांनी चिमटा किंवा व्हॅक्यूम जास्त लागे, हल्लीच्या हलक्या डोसांत तो फरक उरलेला नाही असं अभ्यास सांगतात. आणि सुई घेतली म्हणून सिझर होतं, हे खरं नाही. माझी मुलगी सकाळी सव्वासातला झाली. टाके घालताना मी डॉक्टरांशी नागावच्या ट्रॅफिकवर बोलत होते.

नंतरचं. शंभरात एखादीच्या बाबतीत सुई मज्जारज्जूभोवतीच्या त्या पाण्याच्या पिशवीला लागते आणि मग डोकं दुखतं. साधं नव्हे : उठून बसलं की फुटायला लागतं, आडवं झालं की थांबतं. असं झालं तर घरी डोक्याला बाम चोळत बसू नका, दवाखान्यात कळवा. फार झालं तर तुमचंच थोडं रक्त काढून त्याच जागी सोडतात आणि ते गोठून भोक बुजतं. कंबरदुखीचं मात्र असं, की सुई न घेतलेल्या बायकांचीही बाळंतपणानंतर कंबर दुखते, आणि कायमची कंबरदुखी या सुईने जडते असं अभ्यासांत आढळलेलं नाही. तुम्हाला चाळिसाव्या वर्षी उसण भरली तरी घरात सांगतील, ती सुई. ऐकून घ्या.

पाचव्या दिवशी काशीदला आले. शेगडी, धुरी, अळिवाची खीर, सगळं रीतसर. आत्याने तेल चोळायला पालथं झोपवलं आणि तिचा हात थांबला.

'भोक कुठाय गो?'

मी म्हटलं, कमरेच्या वर बघ, मधोमध. तिने चष्मा मागवला. मग मोबाइलची बॅटरी लावायला दादाच्या पोराला बोलावलं, त्याला लगेच बाहेरही घालवलं. घशात अडकलेला काटा शोधावा तशी ती बोटाने मणका मणका चाचपत खाली गेली आणि वर आली. सापडला तो चिकटपट्टीचा काळपट डिंक, खांद्यापर्यंत. खोबरेल लावून तो ती खरवडून काढत बसली, बराच वेळ, काही न बोलता.

शेवटी म्हणाली, 'एवढं भोक पण नाय. मग बिल एवढं कसलं?'