परतवाडेकर काका

त्यांचं खरं आडनाव वेगळंच आहे. पण गाव परतवाडा, आणि दर दहाव्या वाक्याला ते परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याला पोचतात, म्हणून बहरीनच्या सीफमधल्या मराठी घरांत हेच नाव चिकटलं. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या वाट्या फिरू लागल्या की विषय उकाड्याचाच निघतो, आणि उकाड्यावरून चिखलदऱ्याला जायला काकांना एक उसासा पुरतो. "बाप्पा! तिकडे लोक आता स्वेटर घालून बसले असतीन!"

बहरीनवर त्यांचा मुख्य आरोप असा, की इथे उंचीच नाही. सीफ तर समुद्रात भराव घालून केलेली जमीन. मॉलचे सरकते जिने हाच काय तो घाट. देशातला सर्वांत उंच डोंगर जबल अल-दुखान, तो १३४ मीटर. "आमचा चिखलदरा अकराशेच्या वर हाये. एकशे चौतीसले आमच्याकडे कोणी डोंगर म्हणत नाही जी." एका शुक्रवारी त्यांना शेजारच्या कलात अल-बहरीन किल्ल्यात नेलं. चार हजार वर्षांपूर्वीपासूनची वस्ती, दिलमुनची राजधानी, २००५ पासून जागतिक वारसा. काकांनी तटाला एक चक्कर मारली आणि विचारलं, "पण चढ कुठी हाये?"

मग तिथेच चिखलदऱ्याजवळचा गाविलगड सुरू झाला. १५ डिसेंबर १८०३ रोजी वेलस्लीने तो घेतला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला, आणि हाच वेलस्ली पुढे वॉटर्लूला नेपोलियनला भारी पडला. इथवर इतिहास. "सराव आमच्याकडं करून गेला तो," हे काकांचं.

चिखलदऱ्याच्या चहूबाजूंनी मेळघाटचं जंगल. १९७३ साली देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, तेव्हाच्या पहिल्या नवांतलं. साहजिकच काकांकडे वाघ आहे, आणि त्या वाघाला आजवर कोणी आव्हान देऊ शकलेलं नाही. कारण साधं आहे. आपल्या इथल्या शाळांना मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये, आणि गाभा क्षेत्रातली सफारी नेमकी जुलै ते सप्टेंबर बंद. आखातातून येणारा कोणीही माणूस त्या वाघापर्यंत पोचूच शकत नाही. सुट्ट्यांचं वेळापत्रक कोणी ठरवलं माहीत नाही, पण काकांच्या सोयीचं ठरवलं आहे. 'आपल्याला वाघ दिसला नाही तरी वाघाने आपल्याला पाहिलेलं असतं' हे वाक्य जंगलातला प्रत्येक गाइड म्हणतो. काका त्यात वाघाने कुठल्या वळणावरून पाहिलं तेही सांगतात.

गेल्या पावसाळ्यात आम्ही दोन कुटुंबं त्यांच्यासोबत गेलो. बडनेऱ्याला उतरून परतवाडा, मग घाट. वर पोचलो तर धुकं असं, की गाडीचं बॉनेट दिसेना. हरिकेन पॉइंटच्या कठड्याशी आम्ही ओले होत उभे, समोर निव्वळ पांढरं. काका मात्र बोट रोखून दाखवत होते. "हे खाली दरी. तिकडं तो कडा. अन् हे, हे बारीक दिसते ना, ते कोरकूंचं गाव." माझ्या मुलीने डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, "हो काका, दिसलं." सौ.ने तर त्याचा फोटोही काढला. तो पांढरा फोटो काकांनी आमच्या ग्रुपवर टाकून खाली लिहिलं : दरीचं विहंगम दृश्य.

भीमकुंडावर भीमाने कीचकाला मारून हात धुतले, ते त्यांनी हात धुऊन दाखवलं. पंचबोल पॉइंटवर आवाज पाच वेळा परत येतो म्हणतात. काकांनी आरोळी ठोकली. तीन आले. चौथा वाऱ्यात गेला असावा. काकांनी दुसरीकडे तोंड करून उरलेले दोन स्वतःच दिले, शेवटचा अगदी क्षीण.

संध्याकाळी रबडी खायला टपरीत शिरलो. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती इथेच, म्हणून कॉफीही मागवली. रबडीवाल्याने सहज विचारलं, "तुमच्या त्या बहरीनमध्ये पाहासारखं काय हाये?"

काकांनी वाटी खाली ठेवली.

"किल्ला हाये आमच्याकडं," ते म्हणाले. "आमच्या सीफच्या अगदी शेजारी. चार हजार वर्षांचा! तुमचा गाविलगड त्याच्यापुढं कालचं पोट्टं हाये. अन् मुख्य म्हणजे, चढ नाही बिलकुल."