हानिरहित रसिक

पुण्या-मुंबईच्या संगीतप्रेमी घरांत आढळणारा हानिरहित रसिक वाचकांच्या चांगल्याच परिचयाचा असल्यामुळे त्याची व्याख्या करण्यापेक्षा त्याचे आचरण नोंदवणे अधिक उपयुक्त ठरते. त्याच्या दिवाणखान्यात टीव्हीखाली एक संगणक असतो; कपाटभर सीड्या त्यात फ्लॅक फायलींच्या रूपाने उतरवलेल्या असतात; आणि आल्यागेल्याला तो एकच वाक्य ऐकवतो : ‘एकही बिट गेलेला नाही!’

या वाक्याला शास्त्राधार आहे, हे मान्य केले पाहिजे. सीडीवर डाव्या व उजव्या अशा दोन्ही वाहिन्यांतील नाद सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला असतो आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांत, म्हणजे सोळा शून्य-एकांत, लिहिलेले असते. २००१ मध्ये आलेली फ्लॅक ही ‘हानिरहित’ (लॉसलेस) पद्धत या आकड्यांची अशी घडी घालते की जागा बहुधा निम्म्याच्या आसपास लागते आणि घडी उलगडताच मूळ आकडे जसेच्या तसे हाती येतात. एमपी३ मात्र कानाला उणीव भासणार नाही असा हिशेब करून नादाचा काही भाग कायमचा टाकून देते. म्हणून एखादा भाबडा शेजारी एमपी३ घेऊन ‘याचे फ्लॅक करून द्या’ म्हणू लागला, की चिपाडे मोठ्या पोत्यात भरल्याने त्यांना पुन्हा रस सुटत नाही, असे त्याला चहा येण्यापूर्वीच सुनावले जाते.

ऐकण्याचा विधी याहून कठोर असतो. मे महिन्यातही छताचा पंखा बंद केला जातो, कारण त्याची घरघर तानपुऱ्यात मिसळते. विलंबित ख्याल सुरू होतो, मुखडा समेकडे झुकतो, पाहुण्याची मान हलू लागते, आणि नेमक्या त्याच क्षणी गाणे थांबते. कारण संगणकाने ४४,१०० चे परस्पर ४८,००० तर केले नाहीत ना, अशी शंका यजमानाला आलेली असते. सेटिंग तपासले जाते, ‘एकही बिट गेलेला नाही’ असा निर्वाळा मिळतो आणि ख्याल पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. परिणामी त्या घरात वर्षानुवर्षे कोणी द्रुत ऐकलेली नाही. गृहिणीही आता पातेल्यातील आमटी वाटीत ओतताना ‘एकही थेंब गेलेला नाही’ असे गंभीरपणे जाहीर करते.

तथापि या माणसाचे एक काम नाइलाजाने का होईना, गौरवावे लागते, आणि ते म्हणजे टॅग, अर्थात फायलीच्या पोटात लिहून ठेवायची माहिती. १९०२ मध्ये कलकत्त्यात ध्वनिमुद्रण करताना गौहर जान गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव सांगत असे, कारण तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हरला तयार होत आणि गायिका कोण हे तिथल्या कारागिरांना कळावे लागे. साथीदारांना तशी सोय नव्हती. पुढेही कित्येक वेष्टनांवर त्यांची नावे आली नाहीत. हानिरहित रसिक जुन्या श्रोत्यांना फोन करून, पिवळ्या पडलेल्या कार्यक्रमपत्रिका चाळून तबला, पेटी आणि तानपुरा अशा रकान्यांत एकेक नाव भरत असतो.

त्याच्या संग्रहात कॅसेटवरून उतरवलेली एक खाजगी मैफल आहे, जिच्या तबल्याचा रकाना अजून मोकळा आहे. ही एकच फाइल तो समेवर थांबवत नाही. गायक कुठेतरी तबलजीला नावाने हाक मारील, या आशेने तो विलंबित, मध्यलय आणि द्रुतही शेवटपर्यंत ऐकतो. द्रुतीत एका तिहाईवर गायक ‘वा!’ म्हणतो, नाव घेत नाही. आणि ती फाइल संपल्यावर त्या घरात, एकही बिट गेलेला नसूनही, ते वाक्य उच्चारले जात नाही.