बटण दाबायला तीन वर्षं?

नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीत कुणाचा मुलगा रेडिओग्राफर होऊन आला, की ओट्यावरच्या काकांना प्रश्न पडणारच. दोघांची नावं सांगायची गरज नाही. असे काका आणि असे पुतणे गावोगाव आहेत.

काका : तीन वर्षं शिकलास, आणि काम काय? बटण दाबायचं!

पुतण्या : बटण शेवटी, काका. क्षयाच्या तपासणीला आलेल्याची छाती आधी प्लेटला टेकवायची, खांदे पुढे घ्यायचे, श्वास भरून रोखायला सांगायचं.

काका : आणि तो रोखत नाही.

पुतण्या : रोखतो की! फोटो निघाला तरी रोखूनच उभा. ‘सोडा’ म्हणायची आठवण मलाच ठेवावी लागते.

त्यातून गळ्यातली चांदी, मंगळसूत्र, ताईत. धातू फोटोत पांढरा उमटतो आणि मागचं झाकतो. बाईमाणूस असेल तर दिवस गेलेत का, हेही विचारायचं, कारण पोटातल्या बाळाला किरणं लागू द्यायची नाहीत. प्रश्न सुनेला असतो, उत्तर सासूबाई देतात.

काका : छातीवर हा बिल्ला कुठल्या पक्षाचा?

पुतण्या : टीएलडी बॅज. मला किती किरणं लागली ते मोजतो. दर तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत जातो. पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्टच्या आत हवी, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर जायचं नाही.

काका : एक्स-रेच्या खोलीत खुंटीवर विसरलास तर?

पुतण्या : किरणं खुंटीला, चौकशी माझी.

काका : पण सर्टिफिकेट मिळालं, म्हणजे सुटलास ना?

पुतण्या : कुठला! माझी नोंदणी परावैद्यक परिषदेकडे. यंत्राची वेगळी, अणुऊर्जा नियामक मंडळाकडे. ते १९८३ पासून आहे. अर्ज ‘ई-लोरा’वर ऑनलाइन.

काका : म्हणजे मशीनलाही आधारकार्ड! ज्यानं शोध लावला त्याच्याकडे होतं का एवढं?

पुतण्या : रॉन्टगेननं १८९५ मध्ये बायकोच्या हाताचा फोटो काढला. बोटातली अंगठी तशीच.

काका : काढायला सांगितली नाही?

पुतण्या : नाही. आमच्या परीक्षेत नापास झाला असता.

काका : त्याला पुढं काय मिळालं?

पुतण्या : १९०१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल. पहिलंच.

काका क्षणभर गप्प बसले. मग धोतर वर सरकवून गुडघा पुढे केला.

काका : घरचाच माणूस आहेस. एक फोटो काढून टाक.

पुतण्या : डॉक्टरांची चिठ्ठी आणा.

काका रुसले, पण पुतण्याचंच बरोबर होतं. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय एक्स-रे काढायचा नसतो, मग गुडघा सख्ख्या काकांचा का असेना.